व्हॅन गॉगच्या गावाकडे, सायकलने

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या मधोमध, इमारतीच्या खालून, सायकलींचा रस्ता जातो. वरच्या मजल्यावर रेम्ब्रांचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ बघायला जगभरातून आलेली माणसं उभी असतात, आणि खाली विटांच्या कमानींमधून शाळेची मुलं, पुढच्या पेटीत दोन लेकरं बसवून निघालेल्या आया, ऑफिस गाठणारी माणसं घंटी वाजवत सुसाट जातात. मधला भाग सायकलींचा, दोन्ही कडांना चालणारे. कमानींमध्ये आवाज छान घुमतो, म्हणून तिथे बहुतेक वेळा कोणीतरी व्हायोलिन किंवा चेलो वाजवत असतं. सायकलवरून जाताना चार सूर कानावर पडतात आणि आपण पलीकडच्या हिरवळीवर बाहेर पडतो.

ही इमारत पिएर कॉइपर्स या वास्तुकाराची. १८८५च्या जुलैमध्ये ती लोकांना खुली झाली. शहर तेव्हा दक्षिणेकडे वाढू लागलं होतं. जुन्या वस्तीतून नव्या वस्तीत जाण्यासाठी संग्रहालयानेच वेशीचं काम करावं, म्हणून हा मार्ग ठेवला गेला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ बाजारात आली. जवळपास सारख्या उंचीची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी ती सायकल. आज आपण जिला सायकल म्हणतो ती तिथून सुरू होते. आणि त्याच वर्षी, इथून शंभरेक किलोमीटरवरच्या न्यूनेन नावाच्या खेड्यात, व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ‘बटाटे खाणारे’ हे चित्र पूर्ण केलं. ऑक्टोबरात तो अंतोन केर्सेमाकर्स या मित्राबरोबर नवं संग्रहालय बघायला अ‍ॅमस्टरडॅमला आला आणि रेम्ब्रांच्या ‘ज्यू वधू’समोर बसला तो तिथेच बसून राहिला. मित्र बाकीची दालनं बघून परतला तरी हा जागचा हलला नव्हता.

संग्रहालय, सायकल आणि चित्रकार असे १८८५ सालात एकत्र आलेले पाहून मी माझा मार्ग ठरवला. व्हॅन गॉग ज्या गावाहून इथे आला त्या गावाकडे जायचं, आणि वाटेत या देशाने सायकलस्वारासाठी काय काय सुंदर बांधून ठेवलंय ते बघायचं.

कमानींमधला हा रस्ता आज इतका सहज वाटतो की त्यासाठी कोणाला भांडावं लागलं असेल असं मनातही येत नाही. संग्रहालय २००३ साली दुरुस्तीसाठी बंद झालं ते दहा वर्षं. सेव्हिल शहरातल्या अंतोनियो क्रूझ आणि अंतोनियो ऑर्टिझ या वास्तुकारांकडे काम होतं. अडचण खरी होती. हा मार्ग तळमजल्याचे सरळ दोन तुकडे करतो, त्यामुळे एका चौकातून दुसऱ्या चौकात जाता येत नव्हतं. त्यांनी रस्त्याखालून खोदून दोन्ही चौक जोडायचं ठरवलं आणि मुख्य प्रवेश मार्गाच्या मधोमध आखला. म्हणजे सायकलींची जागा आक्रसणार होती. सायकलस्वारांच्या संघटनेने आणि आसपासच्या रहिवाशांनी याला कडाडून विरोध केला. वाद वर्षानुवर्षं चालला. आराखडा बदलला, दारं कडेला गेली. नंतर संग्रहालय उघडायची वेळ आली तेव्हा गर्दीच्या कारणावरून सायकली बंदच कराव्यात असा आग्रह संग्रहालयाच्या बाजूने पुन्हा झाला. शहराच्या लोकप्रतिनिधींनी कौल सायकलींच्या बाजूने दिला. संग्रहालय १३ एप्रिल २०१३ रोजी उघडलं आणि बरोबर एका महिन्याने त्याखालचा रस्ता सायकलींना पुन्हा मिळाला.

आता मार्गाच्या दोन्ही बाजूंना उंच काचा आहेत. सायकलवरून आतले चौक, तिथली गर्दी, वरून झिरपणारा उजेड दिसतो, आणि आतल्यांना सायकली दिसतात. माझ्या मते या संग्रहालयातलं सर्वांत चांगलं दालन हेच आहे, आणि ते वास्तुकारांइतकंच भांडणाऱ्या सायकलस्वारांनीही घडवलं आहे.

हा देश पहिल्यापासून असाच होता असं समजून परत येणारे प्रवासी मला भेटतात, म्हणून थोडं मागचं सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्सही मोटारींच्या मागे लागलं. चौकांचे वाहनतळ झाले, रस्ते रुंद करायला वस्त्या पाडल्या गेल्या. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर ३,३००च्या आसपास माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. बालहत्या थांबवा, अशी मागणी करत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३च्या तेलसंकटात मोटारबंदीचे रविवार आले. आजचे सायकलमार्ग त्या रागातून आणि टंचाईतून निघाले आहेत.

पण त्याच्याही आधी कलावंतांनी हा विषय हातात घेतला होता. १९६५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या स्पाउ चौकात, एका लहान पोराच्या पुतळ्याभोवती, प्रोव्हो नावाची तरुणांची टोळी जमायची. रॉबर्ट यास्पर ग्रोटवेल्ट हा कलावंत तिथे रात्री नाट्यमय विधी करायचा. त्याच गटात लूड स्खिमेलपेनिंक हा औद्योगिक डिझायनर होता. त्याची कल्पना अशी की शहराने सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर मोकळ्या सोडाव्यात, ज्याला लागेल त्याने घ्यावी, काम झालं की ठेवून द्यावी. त्यांनी स्वतः काही सायकली रंगवून सोडल्याही. कुलूप न लावलेली सायकल रस्त्यावर ठेवणं नियमाविरुद्ध, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. योजना तिथेच थांबली. मात्र जगातल्या शहरांत आज भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक सायकलींचा इतिहास कुठूनही वाचायला घेतला तरी पहिलं पान या पांढऱ्या सायकलींचं असतं.

ती योजना प्रत्यक्षात चालू असलेली बघायची असेल तर होखे व्हेलुवे या अभयारण्यात जावं. एडे-वाखेनिंगेनपर्यंत रेल्वे, पुढे ओटरलोपर्यंत बस. ५,४०० हेक्टरांचं हे रान. त्यात पाइनची झाडी, जांभळट खुरट्या झुडपांचे माळ आणि मध्येच उडत्या वाळूच्या टेकड्या. प्रवेशाचं तिकीट काढलं की दाराशी पांढऱ्या सायकली उभ्या असतात, एकूण अठराशेच्या घरात. पैसे नाहीत, कुलूप नाही, नोंदणी नाही. सीट वर-खाली करायची आणि निघायचं. गिअर नसतो, हँडलला ब्रेकही नसतो. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. माझ्याबरोबर आलेली भाची मला निघतानाच ओरडून सांगत होती, “मावशी, ब्रेक पायात आहे, पायात!” एकदा पायाला सवय झाली की हाताकडे लक्ष द्यावं लागत नाही आणि मान मोकळी राहते. झाडं बघायला ही सायकल फार चांगली.

या रानाच्या मध्यावर क्रोलर-म्युलर संग्रहालय आहे. हेलेन क्रोलर-म्युलर या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, व्हॅन गॉगला अजून फारसं कोणी विचारत नव्हतं तेव्हा, त्याची चित्रं घ्यायला सुरुवात केली. आज इथे त्याची जवळजवळ नव्वद रंगचित्रं आहेत. अ‍ॅमस्टरडॅमचं व्हॅन गॉग संग्रहालय सोडलं तर एवढा मोठा संग्रह जगात नाही. आनरी व्हान द व्हेल्डेने बांधलेली बसकी, शांत इमारत १९३८ साली उघडली. ‘बटाटे खाणारे’ची आधीची एक आवृत्ती इथे भिंतीवर आहे, आणि आर्लमधल्या पिवळ्या उजेडाच्या कॅफेचं चित्रही. दारात सायकल टेकवून, अंगावर रानाचा वास घेऊन मी त्या बटाट्यांसमोर उभी राहिले. शहरातल्या संग्रहालयात रांगेतून पुढे सरकत बघितलेलं चित्र आणि वारा खात, धापा टाकत गाठलेलं चित्र यांत फरक पडतो. व्हिन्सेंटही मैलोन्‌मैल चालणारा माणूस होता, त्या रंगांतली माती पायी फिरणाऱ्याने बघितलेली आहे.

आधुनिक कलेने सायकलीचे सुटे भाग पुष्कळदा उचलले आहेत. मार्सेल द्युशाँने १९१३ साली स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं. पिकासोने १९४२ साली एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. मला त्याहून जवळची वाटते ती मार्सेल ब्रॉयरची गोष्ट. बाउहाउसमध्ये असताना त्याचं लक्ष आपल्या सायकलीच्या वाकवलेल्या नळीच्या हँडलकडे गेलं. असं पोकळ, हलकं, मजबूत पोलाद हँडलला चालतं तर खुर्चीला का नको, असं म्हणून त्याने १९२५ साली नळ्यांची खुर्ची केली. आज आपल्या बँकेत, दवाखान्यात, ग्रंथालयात ज्या स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्यांवर आपण बसतो त्यांचं कूळ त्या हँडलपाशी जाऊन पोचतं.

उट्रेख्टला मी फक्त वाट बदलायला उतरले होते, पण स्टेशनखालचा सायकलतळ बघितल्याशिवाय पुढे जाणं चुकीचं झालं असतं. २०१९ साली तो पूर्ण झाला. तीन मजले, साडेबारा हजार सायकलींची जागा. इथे सायकलवरून उतरावं लागत नाही. रस्त्यावरून थेट उताराने आत जायचं, फलकावर कोणत्या गल्लीत किती जागा मोकळ्या आहेत ते दिसतं, तिथे वळायचं, लावायची आणि जिना चढून फलाटावर. खांब वर जाताना फुलत जातात, जागोजागी काचेतून वरचा उजेड खाली येतो. जमिनीखाली असूनही कुठे कोंदटपणा नाही, अंधारे कोपरे नाहीत. रात्री उशिरा एकटी मुलगी सायकल घ्यायला येते तेव्हा त्या उजेडाचं मोल कळतं. पहिले चोवीस तास फुकट. याच शहरात कालव्यावरचा एक सायकलपूल २०१७ साली झाला. धावपटू डाफ्ने स्खिपर्सचं नाव त्याला दिलंय. पुलाला चढ हवा आणि जागा कमी, म्हणून त्याचा वळसा एका प्राथमिक शाळेच्या छपरावरून नेला आहे. खाली वर्ग भरलेला असतो आणि वरून सायकली जातात. शाळा, बाग आणि पूल तिन्ही मिळून एकच आराखडा आहे.

आइंडहोवेनला भाचीचं घर. फिलिप्स कंपनी १८९१ साली इथे सुरू झाली ती दिव्यांपासून, त्यामुळे उजेड हा या गावाचा खानदानी धंदा. कारखाने हलले, त्यांच्या रिकाम्या इमारतींत डिझायनर आले. शेजारच्या वेल्डहोवेनमध्ये चिप बनवणारी यंत्रं तयार होतात, आणि तिथे नोकरी करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. भाची त्यांतलीच. ती रोज कामाला सायकलने जाते आणि बऱ्याचदा तिची वाट होवेनरिंगवरून असते.

होवेनरिंग म्हणजे मोटारींच्या गजबजलेल्या चौकावर हवेत टांगलेलं सायकलींचं वर्तुळ. मधोमध सत्तर मीटर उंचीचा एकच खांब, त्यावरून निघालेल्या चोवीस पोलादी तारा, आणि त्या तारांवर तोललेला बहात्तर मीटर व्यासाचा गोल रस्ता. चारी बाजूंनी सायकलमार्ग येऊन त्याला मिळतात. तुम्ही गोलाला लागायचं आणि हव्या त्या फाट्याने बाहेर पडायचं. खाली मोटारी, वर सायकली, एकमेकांची गाठच पडत नाही. ‘आयपीव्ही डेल्फ्ट’ या संस्थेचं हे डिझाइन.

त्यात मला सर्वांत भावलेली गोष्ट छायाचित्रांत दिसत नाही. सायकलस्वाराला चढ कमी पडावा म्हणून खालच्या मोटारींचा चौकच सुमारे दीड मीटर खाली खोदून घेतला आहे. मोटारीला इंजिन असतं, तिने खाली उतरून वर यावं. पाय मारणाऱ्याचा दम जाऊ नये. मी हळूहळू चढत होते आणि भाची शेजारून म्हणाली, “मावशी, बघ, बोलत बोलत चढलीस.” खरंच, बोलणं कुठे तुटलं नव्हतं.

या गोलाला सुरुवातीला त्रासही झाला. बांधून झाल्यावर वाऱ्यात तारा थरथरू लागल्या आणि तो बंद करावा लागला. तारांना कंपन शोषणारी साधनं बसवली आणि २९ जून २०१२ला तो पुन्हा खुला झाला. रस्ता एवढा पातळ कसा राहिला याचंही उत्तर डिझाइनमध्येच आहे. तारा आतल्या कडेला जिथे बांधल्या आहेत तिथेच एक जड कडं फिरवून तोल साधला आहे, त्यामुळे रस्ता पिळवटत नाही आणि त्याला खालून खांबांची गर्दी लागत नाही. रात्री खालच्या पट्ट्यांमधून दिवे लागतात आणि पूर्ण वर्तुळ अधांतरी उजळलेलं दिसतं. मोटारवाल्यांना रात्रीचं ते दृश्य मिळतं, पण मालकी सायकलवाल्यांची.

न्यूनेनला आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारीच निघालो. आइंडहोवेनहून अंतर सात-आठ किलोमीटर, सगळं सपाट. व्हिन्सेंट १८८३च्या डिसेंबरात इथे आला, वडील गावचे पाद्री होते. जवळजवळ दोन वर्षं तो राहिला आणि विणकर, शेतमजूर, पाणचक्क्या, चर्च रेखाटत राहिला. पाद्र्याचं घर अजून उभं आहे, त्याने रंगवलेलं छोटं चर्चही आहे. गावभर त्याच्या चित्रांच्या जागा दाखवणारे फलक आहेत. फलक वाचून मान वर केली की समोर तेच झाड, तीच कमान असते. गावातलं त्याच्यावरचं संग्रहालयही बघण्यासारखं आहे, पण माझं सगळं मन संध्याकाळकडे लागलं होतं.

गावाच्या अलीकडे ओपवेटेनची पाणचक्की आहे. तीही त्याने रंगवली आहे. तिच्याजवळून जाणारा सुमारे सहाशे मीटरांचा सायकलमार्ग डान रोझेगार्डे या डच कलावंताने केला आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी तो सुरू झाला. व्हॅन गॉगच्या मृत्यूला १२५ वर्षं होणार होती, त्या निमित्ताने. रस्त्याच्या पृष्ठभागात हजारो बारीक खडे बसवले आहेत. दिवसा ते उजेड साठवतात आणि अंधारात हिरवट-निळे चमकतात. ढगाळ दिवशी कमी पडू नये म्हणून सौरऊर्जेवरच्या लहान दिव्यांचीही जोड आहे. खड्यांची मांडणी भोवऱ्यांची आहे, आणि तिचा उगम ‘तारांकित रात्र’ या चित्रात आहे. ते चित्र न्यूनेनमधलं नव्हे, त्याने ते १८८९ साली फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना काढलं, आणि आज ते न्यूयॉर्कमध्ये आहे. कलावंताने ते परत त्याच्या जुन्या गावच्या मातीत आणून पसरलं.

उन्हाचा दिवस होता, त्यामुळे अंधार पडताच खडे दिसू लागले. इंटरनेटवरच्या छायाचित्रांत हा रस्ता पेटल्यासारखा दिसतो. तो कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवल्याचा परिणाम आहे. प्रत्यक्षात उजेड मंद आहे, आणि मला तो मंद आहे म्हणूनच आवडला. आजूबाजूचं रान काळोखातच राहतं, पाखरांची झोप मोडत नाही, डोळा हळूहळू सरावतो आणि मग रस्त्याचे वळसे उमलू लागतात. चाकाखालून ते सरकताना रंगाचा फटकारा किती लांब ओढला आहे हे अंगाला जाणवतं, तो वेग चित्रासमोर उभं राहून कळत नाही. आमच्या मागून दोन शाळकरी पोरं गप्पा मारत आली आणि खाली न बघता पुढे निघून गेली. त्यांचा घरी जायचा तो नेहमीचा रस्ता होता.

तरीही एवढ्या सगळ्यांतून एक निवडायला सांगितलं तर मी होवेनरिंग निवडेन. चमकणारा रस्ता सुंदर आहे, पण त्याच्याशिवायही ती पोरं घरी पोचली असती. होवेनरिंगमुळे माझी भाची रोज सुखरूप कामावर पोचते.

पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीने रस्ते सायकलींनी भरलेले बघितले आहेत. आपल्याकडे आता सायकलमार्ग होतात तेव्हा पुष्कळदा पदपथाच्या कडेला रंगाचा पट्टा ओढतात, त्यात विजेचा खांब येतो, पुढे तो एखाद्या टपरीपाशी संपतो. सुशोभीकरण म्हणून शेजारच्या भिंतीवर चित्रं काढली जातात. माझी आपल्या वास्तुकलेच्या आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना विनंती आहे की भिंत सोडा, चौक घ्या. आपल्या गावातला एक असा चौक निवडा जिथून शाळकरी मुलीला सायकल घेऊन जायला भीती वाटते, आणि तिचा चढ, तिचं वळण, तिचा रात्रीचा उजेड डोळ्यांसमोर ठेवून तो पुन्हा आखून बघा. आराखडा झाला की त्या चौकातल्या रहिवाशांना दाखवा.

ज्यांना ही वाट करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आइंडहोवेनमध्ये डच डिझाइन वीक असतो, नोव्हेंबरात ‘ग्लो’ हा दिव्यांचा उत्सव. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो, जूनमध्ये मात्र रात्री दहा वाजले तरी उजेड असतो आणि चमकणाऱ्या रस्त्याची वाट बघत बसावं लागतं. जाण्याआधी तो रस्ता चालू आहे की डागडुजीसाठी बंद, याची चौकशी करावी. हाताशी आणखी वेळ असेल तर दक्षिणेला बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात उतरावं. बोक्रेकजवळ तळ्यातून सायकलमार्ग काढला आहे, दोन्ही बाजूंचं पाणी डोळ्यांच्या पातळीला येतं. हेख्टेल-एक्सेलच्या जंगलात सातशे मीटरांचा गोल मार्ग झाडांच्या शेंड्यांकडे दहा मीटरपर्यंत चढत जातो. रेनकोट आणि हातमोजे बरोबर असू द्या. आणि भाड्याने सायकल घेताना पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लागतो का ते दुकानातच तपासा, दिव्यांशिवाय रात्री सायकल चालवली तर दंड होतो.